कुटुंबाचा अल्बम कोणाच्या हाती?

(जयपूरच्या मानसरोवर वसाहतीत, तेथील मराठी कुटुंबांच्या एका मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मानसरोवर स्थानकातून मेट्रोत बसून बडी चौपडला उतरले, की सिटी पॅलेस पायी जाण्याच्या अंतरावर राहतो. पाहुण्यांना घेऊन तो राजवाडा आपण अनेकवार पाहिला असेल. परंतु तेथील संग्रहालयाकडे काचेच्या जवळजवळ दोन हजार निगेटिव्ह आहेत, हे पाहुण्यांना सांगावयाचे सहसा राहून जाते. १८३५ पासून १८८० पर्यंत जयपूरच्या गादीवर असलेले महाराजा सवाई रामसिंह दुसरे हे स्वतः छायाचित्रकार होते आणि राजवाड्यात त्यांचा तसवीरखाना होता. त्या काळची रीत मोठी खटपटीची होती. काचेवर कलोडियनचा लेप द्यावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि लगोलग अंधाऱ्या खोलीत नेऊन ती धुवावयाची. जयपूरच्या उन्हाळ्यात असा लेप किती वेळ ओला राहत असेल, हे आपणांस सांगावयास नको. तरीही महाराजांनी दरबाऱ्यांची, पूजेच्या वेषातील स्वतःची आणि जनानखान्यातील स्त्रियांचीही चित्रे घेतली.

घरगुती अल्बमविषयी बोलावयाचे असता मी एका राजापासून आरंभ करतो, ह्याला कारण आहे. ह्या संग्रहाच्या बाबतीत एक गोष्ट फार चांगली घडली आणि एक वाईट. चांगली ही, की मूळ काचा टिकल्या व त्या राखण्याची जबाबदारी कोणावर तरी राहिली. कागदावरील प्रती कोठेही गेल्या असोत, काच आहे तोवर नवी प्रत काढता येते. वाईट ही, की त्यांतील अनेक स्त्रिया कोण होत्या, हे आज निश्चितपणे सांगता येत नाही. चेहरा राहिला आणि नाव गेले. मी आज जे सांगणार आहे त्याचा बराचसा भाग ह्या दोन गोष्टींभोवतीच फिरणारा आहे.

आता आपल्याकडे वळू. राजस्थान आवासन मंडळाने वसविलेल्या ह्या विस्तीर्ण वसाहतीत किरण पथापासून मध्यम मार्गापर्यंत जी मराठी घरे आहेत, ती बहुधा नोकरीच्या निमित्ताने इकडे आलेल्यांची आहेत. आई-वडील येथे, मुलगा बंगळुरूला, मुलगी न्यू जर्सीला, थोरले दीर सांगलीला, अशी आपल्या कुटुंबांची मांडणी झालेली असते. पूर्वी घरात एक ट्रंक असे, तिच्यात काळ्या पानांचा एक अल्बम असे, आणि लग्नाचे चित्र पाहावयाचे तर सर्वांना त्या ट्रंकेपाशी यावे लागे. आज त्याच लग्नाची चित्रे पंधरा फोनांत विखुरलेली असतात आणि कोणाही एकाजवळ ती सर्व नसतात. ह्यासाठी सामाईक अल्बम हवा, हे सर्वांनाच पटते, आणि मग प्रश्न येतो की कोणत्या कंपनीचा घ्यावा.

हा प्रश्न मला दुसऱ्या क्रमांकाचा वाटतो. पहिला प्रश्न असा आहे की, मूळ चित्रे कोणाजवळ राहणार आणि ती उद्या परत काढून घेता येतील की नाही. चित्रे आत घालणे प्रत्येक कंपनीने सोपे केलेले आहे, त्यात तिचे हित आहे. बाहेर पडण्याचे दार किती रुंद आहे, हे मात्र आपण होऊनच पाहावे लागते.

बहुसंख्य घरांत आज सामाईक अल्बम म्हणजे व्हॉट्सॲपवरील कुटुंबाचा गट होय. निरोप देण्याचे साधन म्हणून त्याला तोड नाही. आजी-आजोबांना ते वापरता येते, हा गुण लहान नव्हे. परंतु अल्बम म्हणून ते साधन लंगडे आहे. नेहमीच्या पद्धतीने पाठविलेले चित्र तेथे आकुंचित होऊन जाते. पडद्यावर ते बरे दिसते, परंतु मोठ्या आकारात छापावयास घेतले की उणीव कळते. २०२३ पासून अधिक स्पष्ट चित्र पाठविण्याची सोय झाली आहे, पण ती निवडण्याचे भान किती जणांस राहते? ह्याहून मोठी हानी डोळ्यांना दिसत नाही. फोनने घेतलेल्या प्रत्येक चित्राच्या पोटात ते केव्हा घेतले, आणि बहुधा कोठे घेतले, ह्याची नोंद असते. नेहमीच्या पद्धतीने पाठविताना ती नोंद गळून पडते. मग २०१२ सालच्या मुंजीचे चित्र ज्या दिवशी कोणी पुढे ढकलले त्या दिवशीचे होऊन बसते. शिवाय ही चित्रे कंपनी कायमची सांभाळीत नाही. फोन भरला म्हणून सुप्रभाताच्या फुलांबरोबर नातवाचे पहिले पाऊलही पुसले गेले, तर काही काळानंतर ते पुन्हा मागता येत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे चित्रे साठविण्यासाठीच निघालेल्या सेवा. त्यांच्यावर किती भिस्त ठेवावी, हे ठरविण्यापूर्वी थोडा इतिहास पाहावा. ऑर्कुटवर आपल्यापैकी कित्येकांच्या सहलींची आणि साखरपुड्यांची चित्रे होती. ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. एके काळी छायाचित्रणाचे दुसरे नाव असलेल्या कोडॅक कंपनीची अल्बमसेवा २०१२ मध्ये संपली. गूगलचे पिकासा २०१६ मध्ये निवृत्त करण्यात आले. फ्लिकरने २०१३ मध्ये प्रत्येकास एक टेराबाइट जागा फुकट दिली, पुढे मालकी बदलली, आणि २०१९ पासून फुकट खात्याला एक हजार चित्रांची मर्यादा आली. गूगल फोटोजने २०१५ मध्ये अमर्याद जागेचे आश्वासन दिले होते. १ जून २०२१ पासून नवी चित्रे पंधरा गिगाबाइटांच्या हिशेबात धरली जाऊ लागली, आणि त्याच पंधरांत ईमेलही बसवावी लागते. ह्या कंपन्यांनी फसविले असे मी म्हणत नाही. बहुतेकांनी आगाऊ सूचना दिली, चित्रे उतरवून घेण्यास अवधी दिला. परंतु सूचना खात्याच्या मालकाच्या ईमेलवर जाते. चित्रे ज्यांची आहेत त्या पंधरा जणांना तिचा पत्ताही नसतो, आणि मालकाने तो पत्ता उघडणे कधीच सोडून दिलेले असते. चित्रे गमावली जातात ती बहुधा अशी.

पंधरा गिगाबाइट म्हणजे किती, ह्याचा अंदाज असावा. फोनवरील एक चित्र तीन मेगाबाइटचे धरले, तर सुमारे पाच हजार चित्रे होतात. हा आकडा मोठा वाटतो. पण लग्नाचा छायाचित्रकार दोन हजार चित्रे देतो, त्यांतील प्रत्येक दहा मेगाबाइटचे असले तर एका लग्नालाच वीस गिगाबाइट लागतात. चलचित्रांची गोष्टच वेगळी आहे. म्हणून कुटुंबाचा अल्बम फुकट चालेल, ही आशा सोडावी हे बरे. कोणी एकाने दरमहा पैसे भरावयाचे आहेत, तो कोण, आणि त्याने भरणे थांबविले तर काय, हे बोलून घ्यावे. आपल्याकडे पैशाचा विषय नात्यात काढणे अवघड वाटते, आणि मग सर्व भार न बोलता एका पुतण्यावर पडतो.

सामाईक ह्या शब्दाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. अल्बम सामाईक असला म्हणजे चित्रे सर्वांची झाली, असे पुष्कळांना वाटते. तसे नसते. गूगल फोटोजच्या सामाईक अल्बममध्ये आपण घातलेले चित्र आपल्याच खात्यात राहते, इतरांना ते केवळ दिसते. आपण अल्बममधून बाहेर पडलो, की आपण घातलेली चित्रेही अल्बममधून निघून जातात. ज्याने अल्बम उघडला त्याने तो मोडला, तर सर्वांच्या दृष्टीआड होतो. मामाने रागाने गट सोडला आणि त्याच्याबरोबर आजीच्या पंचाहत्तरीची चित्रे गेली, हे अशक्य कोटीतले नाही. ह्यावर उपाय एकच. आपल्याला हवी ती चित्रे वेळीच आपल्या खात्यात उतरवून घ्यावीत. अर्थात ती मग आपली जागा व्यापतात.

ॲपलच्या आयक्लाउडमध्ये दोन निराळ्या सोयी आहेत आणि त्यांची गल्लत होते. जुना जो सामाईक अल्बम आहे, त्यात पाच हजार चित्रांपर्यंत जागा मिळते आणि ती आपल्या कोट्यात धरली जात नाही. मात्र तेथे जाते ती लहान केलेली प्रत. पाहावयास ती पुरे, जपणुकीस नव्हे. २०२२ मध्ये आलेल्या सामाईक ग्रंथालयात मूळ चित्रेच राहतात, पण सभासद सहाच, आणि जागा एकट्या संस्थापकाची खर्च होते. पती-पत्नी व मुले एवढ्या घरासाठी ही सोय उत्तम आहे. चुलत-आते-मामेभावंडांच्या विस्तारासाठी ती नाहीच. त्यातून घरातील निम्म्या लोकांजवळ ॲपलचा फोन नसतो, आणि माझ्या मते येथेच निकाल लागतो. ज्या अल्बममध्ये सांगलीच्या काकूंना शिरता येत नाही, तो कितीही देखणा असो, कुटुंबाचा म्हणता येणार नाही. निवड करताना घरातील सर्वांत हुशार माणसाला विचारू नये. सर्वांत जुना फोन ज्याच्याजवळ आहे, त्याच्या हाती तो देऊन पाहावा. त्याला नवे खाते न उघडता, पासवर्ड न आठवता चित्र दिसले, तर ती सेवा चालेल.

ज्यांना कंपन्यांवर मुळीच विसंबावयाचे नाही, त्यांच्यासाठीही मार्ग आहेत. इमिचसारखी मुक्त प्रणाली घरच्या संगणकावर बसविता येते. एंटेसारख्या सेवेत चित्रे कुलूपबंद होऊनच जातात आणि किल्ली कंपनीजवळही नसते. दोन्ही मार्ग प्रतिष्ठेचे आहेत. परंतु पहिल्यात तो संगणक अहोरात्र पाहणारा माणूस लागतो, आणि दुसऱ्यात किल्ली हरविली तर जगात कोणीही ती परत देऊ शकत नाही. आपल्या घरी किल्ल्या किती हरवतात, त्यावरून निर्णय घ्यावा.

कुटुंब आणि गट ह्यांत भेद करावयास हवा. शाळेची तुकडी, सोसायटीचा गणेशोत्सव, पुष्करची एक दिवसाची सहल, ह्यांच्या अल्बमला आयुष्य थोडे असते. तेथे लिंक पाठवून काम भागते. सर्वांनी आपापली चित्रे घातली, हवी ती उतरवून घेतली, की महिन्या-दोन महिन्यांनी लिंक बंद करावी. ही शेवटची पायरी हटकून विसरली जाते. लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला चित्रे दिसतात. ती एका गटातून दुसऱ्या गटात जाण्यास बोटाचा एक स्पर्श पुरतो, आणि उत्सवात नाचणाऱ्या मुलांची चित्रे परक्यांच्या फोनांत पोहोचतात.

येथे मी थोडा थांबणार आहे, कारण ह्या बाबतीत घराघरांत जे मनस्ताप होतात ते कंपनीच्या निवडीने टळणारे नाहीत. प्रसूतीनंतर दुसऱ्या दिवशी, थकलेली, विस्कटलेल्या केसांची सून खाटेवर आहे, आणि बाळाचे म्हणून घेतलेले तिचेही चित्र तासाभरात साठ नातेवाइकांसमोर जाते. तिला कोणी विचारलेले नसते. अतिदक्षता विभागातील आजोबांचे चित्र, नळ्यांसह, सर्वांच्या माहितीसाठी घातले जाते. ज्या माणसाने आयुष्यात कडक इस्त्रीशिवाय घराबाहेर पाऊल टाकले नाही, त्याचे शेवटचे चित्र हे ठरते. रामसिंहांच्या जनानखान्यातील स्त्रियांना कोणी विचारले होते काय, असा प्रश्न कोणी करील. तो रास्तच आहे, पण त्यांचे चित्र निदान साठ ठिकाणी एकाच वेळी पोहोचत नव्हते. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, परंतु केवळ घरगुती कारणासाठी व्यक्तीने केलेला वापर त्याने वगळला आहे. म्हणजे घरातील हा निर्णय कायदा आपल्यासाठी करणार नाही. मी पाहिलेल्या घरांपैकी ज्यांचे ठीक चालले आहे, तेथे एक साधा नियम आहे. ज्याचे चित्र आहे त्याने काढा म्हटले, की कारण न विचारता काढावयाचे. आठ-दहा वर्षांच्या मुलालाही हा हक्क असावा.

आता जपणुकीकडे. सर्व चित्रे एका खात्यात ठेवणे किती धोक्याचे असू शकते, ह्याचे एक उदाहरण २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने प्रसिद्ध केले. सॅन फ्रान्सिस्को येथील एका वडिलांनी आजारी मुलाची चित्रे डॉक्टरांना पाठविण्यासाठी घेतली. ती आपोआप गूगलकडे गेली, यंत्राने त्यांचा विपरीत अर्थ लावला आणि खाते बंद झाले. पोलिसांनी त्या गृहस्थांना निर्दोष ठरविल्यावरही खाते परत मिळाले नाही. ईमेल, संपर्क आणि मुलाच्या बाळपणाची चित्रे एकदमच गेली. असे प्रसंग विरळा असतात, हे खरे. पण पूरही रोज येत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा पुण्यातील नदीकाठच्या किती घरांतील अल्बम वाहून गेले असतील, ह्याची गणती कोण करणार? सांगली-कोल्हापूरकरांनी ऑगस्ट २०१९ मध्ये चिखलातून चिकटलेली पाने सोडविली आहेत. आणि वाळवंटाच्या शेजारचे म्हणून जयपूर सुरक्षित आहे असे मानू नये. १४ ऑगस्ट २०२० च्या पावसात अल्बर्ट हॉल संग्रहालयात पाणी शिरले, कागदपत्रे भिजली, आणि तेथील इजिप्तची ममी काचपेटी फोडून वाचवावी लागली.

तेव्हा ट्रंकेवरही भिस्त नको आणि कंपनीवरही नको. मूळ चित्रांची एक प्रत सेवेत, एक घरातील हार्डडिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी असलेल्या नातेवाइकाच्या घरी, एवढे केले तर पुष्कळ झाले. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत सर्वजण जमतात तेव्हा, डिस्क लावून ती उघडते की नाही हे पाहावे, कारण न वापरलेली डिस्कही बिघडते. वर्षाची वीस-पंचवीस चित्रे निवडून कागदावर छापून घ्यावीत, असेही मी सुचवीन. हे ऐकून तरुण मंडळी हसत आहेत, हसू द्या. निवड करावयास बसले म्हणजे चार हजारांतील कोणती चित्रे आपली आहेत हे कळते. ते काम कोणतीही सेवा आपल्या वतीने करीत नाही.

खात्याच्या मालकाच्या मृत्यूविषयी बोलणे अशुभ मानले जाते. तरी ते बोलावयास हवे. पासवर्ड ठाऊक असला तरी पडताळणीचा अंक दिवंगताच्या फोनवर येतो, आणि तो क्रमांक वापराविना पडून राहिला की बंद होऊन पुढे दुसऱ्या कोणाला मिळतो. गूगलमध्ये २०१३ पासून अशी सोय आहे, की आपण ठरविलेल्या मुदतीत खाते वापरले गेले नाही तर आपण नेमलेल्या माणसांना त्यातील सामग्री मिळावी. ही नेमणूक केली नाही आणि खाते दोन वर्षे निष्क्रिय राहिले, तर ते पुसून टाकण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवला आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून त्याप्रमाणे कार्यवाही सुरू झाली. ॲपलने डिसेंबर २०२१ मध्ये वारस-संपर्काची सोय केली. त्यासाठी नेमलेल्या व्यक्तीजवळ एक किल्ली असावी लागते आणि मृत्यूचा दाखला द्यावा लागतो. दोन्ही ठिकाणी हे काम दहा मिनिटांचे आहे. बँकेच्या ठेवीवर नामनिर्देशन आहे की नाही हे आपण पाहतोच, त्याच बैठकीत हेही उरकावे.

राहिली नावांची गोष्ट. जुन्या चित्राच्या पाठीवर शाईने लिहिलेले असे, की डावीकडून दुसरी सिंधूमावशी, मागे उभे नाना, मिरज. नव्या चित्राला पाठ नाही. यंत्र चेहऱ्यांचे गट पाडते, पण त्या चेहऱ्याला काय म्हणून हाक मारीत, हे घरच्या माणसानेच सांगावयाचे असते. ज्यांना ते सांगता येते ती माणसे ऐंशीच्या पुढे आहेत. चित्राखाली टीप लिहिण्याची सोय बहुतेक सेवांत आहे, ती वापरावी. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गूगलमधून चित्रे उतरवून घेताना ह्या टिपा चित्राबरोबर न येता वेगळ्या फाइलींत येतात, आणि पुढे त्या दोहोंची ताटातूट होण्यास वेळ लागत नाही. म्हणून महत्त्वाच्या चित्रांच्या फाइलीलाच नाव द्यावे. प्रथम वर्ष, मग स्थळ, मग माणसे, डावीकडून उजवीकडे. एका दुपारी वडीलधाऱ्यांना मधोमध बसवून, चित्रे मोठ्या पडद्यावर लावून हे काम केले तर पन्नास-साठ चित्रे सहज होतात. त्यांचे बोलणेही फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्यावे, कारण नावाबरोबर ते आणखीही पुष्कळ सांगतात. ती ध्वनिफीत त्याच वर्षाच्या फोल्डरमध्ये, चित्रांच्या शेजारी ठेवावी.